नया नगर : उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघालात की दहिसरनंतरचे स्थानक मीरा रोड. तेथे पूर्वेस उतरून थोडे चाललात की नया नगरची वस्ती लागते. वाचकहो, एखाद्या गावाची ओळख तेथील देवळांवरून, बाजारांवरून किंवा खाद्यपदार्थांवरून करून घेण्याची आपली रीत आहे. या वस्तीत मात्र थोडे खाली पाहत चाला. येथील पायांकडे, पायांतल्या वहाणांकडे आणि त्या जेथे काढून ठेवल्या जातात त्या जागांकडे पाहिलेत, तर कौटुंबिक आरोग्याचा एक संपूर्ण धडा आपल्यासमोर उलगडेल.

मीरा-भाईंदरचा हा परिसर मूळचा खाजणाचा, भातशेतीचा आणि मिठागरांचा. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत येथे इमारती उभ्या राहिल्या आणि 2002 साली मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. नया नगरात मुस्लिम कुटुंबांची वस्ती मोठी. कोणी कोकणातून आलेले, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी दक्षिण मुंबईच्या दाट मोहल्ल्यांतून. प्रत्येक घराने आपल्याबरोबर आपल्या आजीचे औषधही आणले. त्यामुळे पायांची निगा कशी राखावी याविषयीचे नाना प्रांतांचे संकेत येथे एकाच जिन्यावर शेजारी नांदतात.

दारातली मांडणी

कोणत्याही इमारतीचा जिना चढा. दारोदारी चपलांचे लहानसे कपाट किंवा नुसतीच रांग दिसेल. बाहेरची वहाण उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, हा नियम येथे सर्व धर्मांच्या घरांत सारखाच पाळला जातो. कोणी म्हणते उंबऱ्यातून लक्ष्मी येते, कोणी म्हणते घरात नमाज पढायची तर फरशी पाक हवी. कारणे निराळी, आचार एकच. आणि आरोग्याच्या दृष्टीने तो शंभर टक्के योग्य आहे. रस्त्यावरची घाण, थुंकी, जनावरांची विष्ठा हे सारे तळव्यांबरोबर घरात येते आणि ज्या फरशीवर रांगते मूल हात टेकते तेथेच पसरते.

उलटी पडलेली चप्पल दिसली की घरातले वडीलधारे ती तत्काळ सरळ करावयास लावतात. नाहीतर घरात भांडण होते, ही समजूत मराठी घरांत जशी आहे तशीच येथील उर्दू बोलणाऱ्या घरांतही आहे. चपलेचा आणि भांडणाचा संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. पण अंधाऱ्या जिन्यात विखुरलेल्या चपलांना अडखळून वृद्ध माणसे पडतात, हे मात्र खरे. तेव्हा ही समजूत आपण खुशाल पाळावी.

दुसऱ्याची चप्पल घालू नये, त्याचे भोग आपल्याला लागतात, असेही म्हणतात. भोग लागोत न लागोत, बुरशी लागू शकते. शिवाय प्रत्येक वहाण तिच्या मालकाच्या चालीप्रमाणे झिजते. ती झीज दुसऱ्याच्या पायाला मानवत नाही.

पाणी आणि कोरडेपण

पुढे मशिदीपाशी या. अल्-शम्स मशीद हे या वस्तीचे ठळक ठिकाण. नमाजापूर्वीच्या वजूमध्ये दोन्ही पाय घोट्यांपर्यंत धुतले जातात आणि हाताची करंगळी पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून फिरवली जाते. तिला खिलाल म्हणतात. जोडा घालण्यापूर्वी तो झटकावा, आधी उजवा पाय घालावा, हेही मुलांना लहानपणी शिकवले जाते. इकडे आपल्या मराठी घरांतही बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालण्याची चाल होती आणि दिवेलागणीपूर्वी हातपाय धुण्याचा दंडक होता. बोटांच्या बेचक्या ही पायाची सर्वांत दुर्लक्षित जागा. तिला दिवसातून अनेकदा हात लागतो, ही फार मोलाची सवय आहे.

मात्र धुण्याइतकेच पुसणेही महत्त्वाचे. ओल्या बेचक्या तशाच मोज्यांत आणि बंद बुटांत कोंडल्या की चिखल्या होतात. विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली त्वचा पांढरी पडते, फाटते, खाजते. हा बुरशीचा संसर्ग आहे. ओल्या पायांनी जेवावे, पण ओल्या पायांनी झोपू नये, असा संकेत मनुस्मृतीतही आहे. त्याचा उत्तरार्ध आजचा कोणताही त्वचारोगतज्ज्ञ मान्य करील. वजूच्या जागेवरून उठताना, वा देवघरात जाण्यापूर्वी पाय धुतल्यावर, स्वतःच्या छोट्या रुमालाने प्रत्येक बेचकी टिपून कोरडी करावी. चिखल्यांवर दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणून लावण्याची पद्धत सर्वत्र पसरली आहे. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून वाढत राहते. हे मलम वैद्यकीय सल्ल्याशिवाय लावू नये.

पावसाळ्यात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. खाडीकाठची ही सखल जमीन. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाण्याचा निचरा मंदावतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले जंतू पायांच्या जखमांतून, भेगांतून, चिखल्यांतून शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालणे टळत नसेल तर पाय झाकणारे रबरी पादत्राण घालावे, घरी येताच साबणाने पाय धुवून पुसावेत आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास आपण पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हे एक वाक्य निदान लवकर होण्यास फार उपयोगी पडते.

काशाची वाटी, मेंदी आणि बिब्बा

रात्री झोपताना तळपायांना तेल चोळण्याची चाल येथे घरोघर आढळेल. उत्तरेकडील घरांत मोहरीचे, कोकणी घरांत खोबरेल. देशावरच्या घरात काशाची वाटी आणि तूप. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे आणि पादत्राणे वापरण्याचे गुण सांगितले आहेत. दोन्ही दृष्टीस हितकर मानली आहेत. दृष्टीचे राहू द्या. कोरड्या त्वचेला स्निग्धता मिळते, भेगा कमी होतात, आणि दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाला चांगली झोप लागते, हेही थोडे नाही. वाटीने घासल्यावर तळवा काळा होतो, त्याला अंगातली उष्णता निघाली असे म्हणतात. तो काळेपणा घासल्या गेलेल्या धातूचा आणि तुपाचा असतो. त्याचे भय नको आणि कौतुकही नको. भेगांवर कोकणातले मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, उत्तम काम करते. वज्रीने हलके घासून मग ते लावावे. ब्लेडने कातडी कापू नये.

आता तळपायाची आग. मराठीत ती मस्तकात जाते, ती रागाची. पण रोज रात्री अंथरुणावर पडताच तळपाय जळू लागले, मुंग्या आल्या, तर घरोघरी एकच उपाय होतो : मेंदीचा लेप. मेंदीने गार वाटते यात शंका नाही. तथापि ही आग मधुमेहाने मज्जातंतूंना झालेल्या इजेची पहिली खूण असू शकते. ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही ती होते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता आढळते. लेपाने आग शमत राहते, आणि तपासणी वर्षभर पुढे जाते. मेंदी लावा, पण त्याच आठवड्यात रक्तशर्कराही तपासून घ्या.

काटा रुतला वा भेग दुखू लागली की बिब्बा गरम करून लावण्याचा जुना उपाय तर टाळलेलाच बरा. बिब्बा उततो, फोड येतात. ज्याच्या पायाला संवेदनाच उरलेली नाही, त्याच्यासाठी बिब्बा, गरम विटेचा शेक आणि कढत पाण्याची बादली ही तिन्ही घातक आहेत. त्याला पोळल्याचे कळत नाही; कळते ते जखम चिघळल्यावर.

ज्या पायांना दुखत नाही

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे या जिन्यावरील चपलांच्या रांगेत एखादी तरी जोडी मधुमेही माणसाची असणारच. वेदना ही पायाची राखणदार. ती गेली की चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो आणि माणूस निश्चिंत चालत राहतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांचा अभ्यास करून हेच दाखवून दिले. बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. न जाणवलेल्या जखमा त्यांना संपवतात. अशा पायांसाठी आपल्या देशात मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, एमसीआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या चपला रूढ झाल्या. आज मधुमेही रुग्णांनाही त्या सांगितल्या जातात. जोडा झटकून घालण्याची रीत अशा घरात प्राण वाचवणारी ठरू शकते.

बधिरपणा ओळखण्याची एक सोपी रीत घरच्या घरी करता येते. मधुमेही व्यक्तीला झोपवून डोळे मिटायला सांगावे. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. स्पर्श जाणवला की त्या व्यक्तीने डावा किंवा उजवा सांगावे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहेत असे समजून डॉक्टरांकडे न्यावे. अशा व्यक्तीने घरातही अनवाणी चालू नये. नवरात्रातले अनवाणी व्रत किंवा उन्हात तापलेल्या दर्ग्याच्या फरशीवरची चाल तिच्यासाठी नाही. धर्मस्थळी पादत्राणे काढणे अटळच असेल तर सकाळची थंड वेळ निवडावी आणि घरी परतल्यावर तळवे आरशात पाहावेत.

खरेदीला निघताना

आता बाजारातून फिरा. रमजानच्या संध्याकाळी, ईदच्या आधी, चपलांच्या दुकानांपुढे कुटुंबेच्या कुटुंबे उभी असतात. ही वेळ नकळत अचूक साधलेली आहे. दिवसभरात पाय किंचित सुजतात, म्हणून पादत्राण सायंकाळीच घ्यावे. शनिवारी घेऊ नये असे आपल्या काही घरांत मानतात. पाळायचे तर रविवारी घ्या, पण उभे राहून, दोन्ही पायांत घालून, चार पावले चालून घ्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. मुलांना पुढच्या वर्षीही पुरावा म्हणून दोन मापे मोठा बूट घेऊ नये. तो घसरतो आणि पाय घासतो. लहान मुलाचा तळवा सपाट दिसला म्हणून घाबरू नये. कमान बहुधा पाच-सहा वर्षांपर्यंत आकार घेते, आणि स्वच्छ फरशीवर अनवाणी खेळणे तिला पोषकच असते.

कोल्हापुरी घ्यायची असेल तर ऋतू पाहा. वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्याची ही वहाण घामाच्या दिवसांत सुखद. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पाणी तिला सोसत नाही, आणि तिचा कडक, सपाट तळ टाच दुखणाऱ्यांना मानवत नाही. सकाळी पलंगावरून उतरताच पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल, तर घरातल्या कठीण फरशीवरही मऊ तळाची स्वतंत्र चप्पल वापरावी आणि पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम नियमित करावेत.

रस्त्याच्या कडेला आरी आणि रापी घेऊन बसलेल्या चर्मकाराकडेही थांबा. आपली जुनी चप्पल त्याच्यापुढे ठेवा आणि ती कोणत्या बाजूने झिजली ते त्याला विचारा. आपण कोणत्या अंगावर भार देऊन चालतो हे तो क्षणात सांगेल. घरातील वृद्धाची एकच चप्पल अलीकडे फार झिजू लागली असेल, तर ती पिशवीत घालून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.