बैलगाडीचा भार

मुसोर्गस्कीने १८७४ साली पियानोसाठी रचलेल्या चित्रमालिकेत 'बिद्लो' नावाची एक बैलगाडी आहे. १९२२ साली राव्हेलने ती वाद्यवृंदासाठी बांधली आणि तिचे गाणे ट्यूबाला दिले. पण त्याच्या मनातला ट्यूबा होता लहानखुरा, सहा व्हॉल्व्हांचा, फ्रेंच. आजच्या थोरल्या ट्यूबावर ते उंच स्वर जिवावर येतात. म्हणून कोणी युफोनियम घेतो, कोणी एफ ट्यूबा. उथळ वाटीचा माउथपीस वाट सुकर करतो, पण नाद पातळ होऊन गाडीतले ओझेच नाहीसे होते. खोल वाटीने भार येतो, पण धाप लागते. बदलीच्या गावी उसनी भाषा आमच्याही जिभेवर अशीच हलकी चालते. भार पेलते ती मराठीच. आम्हांला विचाराल, तर धाप लागली तरी चालेल, चाकांची कुरकुर ऐकू आली पाहिजे.