दूध ओढताना दमणारं बाळ

आमच्या लहानपणी बाळंतिणीच्या खोलीत बायकांचा राबता असे. बाळाची पाठ भरतेय का, हे न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला कळायचं. आजी म्हणायची, "हे दूध ओढताना मध्येच दमतंय. कपाळ बघ कसं घामानं डबडबलंय!" सारखी छाती भरते, बाळसं धरत नाही, हेही तिला आधी दिसे. ही जन्मजात हृदयदोषाची लक्षणं. आजीनं ती अचूक टिपलेली असत. पुढे मात्र मीठ-मोहऱ्या ओवाळण्यापलीकडे वाट नव्हती.

लगोरी खेळतानाही असा एखादा गडी असायचा. ओठ जांभळट, बोटांची टोकं फुगीर. चार पावलं धावला की उकिडवा बसे. आम्ही त्याला कच्चं लिंबू म्हणून खेळात घेत असू. तो का बसतो, हे त्यालाही सांगता येत नसे. पाय दुमडले की तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या दोषात त्यानं खरंच आराम पडतो. अशा निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया १९४४ सालीच अमेरिकेत, बाल्टिमोरला झाली होती. आमच्या आळीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

हजारातल्या साधारण आठ-नऊ बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. आता पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत त्यातले काही दिसतात. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन मोजता येतो. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. हृदयातली काही छिद्रं तर मांडीच्या शिरेतून नळी घालून, छाती न उघडता बंद होतात.

तरीही खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं मोठं छिद्र ऑक्सिमीटरला सहसा सापडत नाही, कारण तेव्हा बाळ निळं नसतं. काही आठवड्यांनी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा अवरोध उतरतो आणि मग धाप, घाम, अडलेलं वजन सुरू होतं. तोवर बाळ घरी आलेलं असतं. तिथं आजही आजीसारखंच पाहणारं माणूस लागतं.

म्हणून दूध पिताना बाळ दमलं, घामेजलं, वजन अडलं, तर बालरोगतज्ज्ञांना हे सगळं सांगा, हृदय तपासून घ्या. जीभ किंवा ओठांची आतली बाजू निळी दिसली, तर तडक रुग्णालय गाठा. आजीला जे दिसत होतं, त्यावर आता उपचार आहेत; ते वेळेत मिळणं हा प्रत्येक बाळाचा हक्क आहे.