आईची डोकेदुखी आणि सायलेन्सरचं भोक

आमची गाडी जुनी आहे. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत जाऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, पीयूसीही वेळेवर काढलं. गाडी ठणठणीत आहे अशी माझी समजूत होती.

मागच्या हिवाळ्यात आईला मावशीकडे पैठणला नेताना दर वेळी तीच तक्रार. बिडकीन येईपर्यंत तिचं डोकं जड व्हायचं, पैठणला उतरताना मळमळ. मावशीच्या ओट्यावर दोनेक तास बसली की हळूहळू बरं वाटायचं. मी म्हणायचो, "आई, तुला गाडी लागते." आधी ओवा, मग गोळी. एकदा ऑक्सिमीटर लावून पाहिला, 98 आलं, मी निश्चिंत झालो. एसटीत बसल्यावरही असं होतं का, हे एकदाही विचारलं नाही. पेशंटला मी असले प्रश्न रोज विचारतो.

मग गाडी ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली. मोंढा नाक्याजवळच्या मेकॅनिक चाचांनी ती वर उचलली आणि मधल्या पाइपाला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला. वरच्या फ्लोअरचा पत्राही एका जागी गंजलेला होता. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाब, पीछे कौन बैठता?"

"आई."

"उनका सर दुखता होगा."

मला काही बोलता येईना.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट या वायूला धरून ठेवतं, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. साध्या हवेत तो रक्तात निम्मा व्हायला साधारण चार-पाच तास लागतात. आपला बोटाचा ऑक्सिमीटर अशा हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो, म्हणून 98 दिसलं तरी त्याचा अर्थ काही नाही. पीयूसीवाला नळी घालतो ती मागच्या टोकाला; मधल्या भोकातून आत काय येतं ते त्याला कळणार नाही. माझी काच चार बोटं खाली असायची, मागच्या दोन्ही थंडीमुळे बंद. भोक नेमकं मागच्या सीटखाली.

चाचांनी सांगितलं, सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांब प्रवासात पाइप तापतो आणि ते निघून जातं. घर ते क्लिनिक अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते आतच साचतं, आणि माझी गाडी एरवी तेवढीच फिरते.

मला वाटलं होतं ठिगळ मारून भागेल. चाचा नाही म्हणाले. पत्रा कागदासारखा झाला की वेल्डिंग धरत नाही, शेजारी नवं भोक पडतं. जोडाचे बोल्ट तेल सोडूनही हलेनात, गॅसने तापवल्यावर एक निघाला, दुसरा ग्राइंडरने कापावा लागला. मधला पाइप, मागचा डबा, जोडाचं पॅकिंग, लटकवायचे रबर सगळं नवीन. फ्लोअरचं भोक पत्रा लावून बंद केलं. शेवटी गार इंजिन चालू करून त्यांनी मागच्या टोकावर जाड कापड दाबलं आणि कुठे फुसफुस येते का ते कान लावून ऐकलं. माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा ते काही वेगळं नव्हतं.

गाडीत बसल्यावर डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि उतरल्यावर कमी होतं, त्यातही दोघा-तिघांना एकदमच होत असेल, तर ते डॉक्टरला तसंच सांगा. गर्भवती, लहान मुलं आणि हृदयरोगी यांना धोका जास्त. कुणी गुंगीत गेलं तर इंजिन बंद करा, त्यांना मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. इलाज ऑक्सिजन, निदान रक्ताच्या खास तपासणीने होतं. डिकी उघडी ठेवूनही गाडी चालवू नका, मागचा धूर आत ओढला जातो.

आईची ती तपासणी मी तेव्हा केली नाही, त्यामुळे माझ्याकडे पुरावा नाही. दुरुस्तीनंतर चार वेळा पैठण झालं, तिचं डोकं दुखलं नाही. ओव्याची पुडी मात्र तिने अजून पिशवीतून काढलेली नाही.