खेळण्यांनंतरचा नाताळ

डिसेंबर लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांच्या दारांत लाल टोप्या आणि कागदी चांदण्या लोंबायला लागतात, आणि आमच्या घरी रवा, मैदा, तुपाची यादी सुरू होते. दिवाळीत शेजारणी करतात तशाच करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आम्ही नाताळात करतो. लहानग्यांना काय आणायचं याला फारसा विचार लागत नाही. बाहुली, बस, काहीही चालतं. वरचा कागद फाडण्यातच त्यांचा निम्मा आनंद असतो. माझा जीव अडकतो तो बारा ते पंधरा वर्षांच्या पोरांत. ज्या गाड्यांवरून भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या, त्या त्यांनी आपणहून धाकट्यांना देऊन टाकलेल्या असतात. काय हवं म्हणून विचारलं तर नजर दुसरीकडेच ठेवून म्हणतात, "काही नको गं आत्या. पैसेच दे."

पाकीट देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. नोट कुणी दिली होती हे चार दिवसांत कुणाच्या लक्षातही राहत नाही. मूल घरापासून जरा लांब सरकायला लागतं त्याच वयात त्याला कळायला हवं, की घरातलं कुणीतरी आपल्याला ओळखून आहे. म्हणून पावसाळा सरला की मी या पोरांवर लक्ष ठेवते. रिकामा हात कशाकडे जातो, कुठल्या दुकानासमोर पावलं मंदावतात, हे बघत राहते.

वायल्डर मेमोरियल चर्चच्या नाताळाची ओढ आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं हे चर्च. ख्रिस्तजन्माच्या नाटकात माझा भाचा डोक्याला पंचा गुंडाळून, हातात काठी घेऊन मेंढपाळ व्हायचा. एका वर्षी त्याने साफ सांगितलं, मी मेंढपाळ होणार नाही. मग त्याच्याकडे पडद्याची दोरी दिली. नाटकभर तो विंगेत ताठ उभा होता. हातात दोरी, डोळे रंगमंचावर, देवदूताचं वाक्य संपायची वाट बघत. त्या काठीत त्याला कधी एवढा रस नव्हता. काठी लुटुपुटूची होती. दोरी ओढली नाही तर नाटक खरोखर अडलं असतं.

तेव्हापासून या वयाला द्यायची भेट मी त्याच कसोटीवर घासून बघते. वस्तू खरी हवी. तिने खरं काहीतरी घडावं, बिघडलं तरी खरंच बिघडावं. पूर्वेकडच्या मागी लोकांनी बाळासाठी सोनं, ऊद आणि गंधरस आणला. त्यांतलं एकही खेळणं नव्हतं. आणि तरीही ती भेट मजेची असली पाहिजे, यावर माझा हट्ट आहे. मोठ्यांची भेट बहुतेकदा इथे घसरते. टेबलावरचा दिवा, व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं, अभ्यासाचं वेळापत्रक छापलेली डायरी. आपल्याला सुधारायचा बेत आहे हे पोरं कागद उघडायच्या आत ओळखतात आणि शहाण्यासारखी "थँक्यू" म्हणून बाजूला ठेवतात.

मला सगळ्यांत जास्त आनंद दिला तो मोडीच्या चिठ्ठ्यांनी. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे शाळांतून शिकवत असत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत, आणि आमच्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्याही मोडीतच होत्या. त्या वाचता याव्यात म्हणून मी लिपी शिकले होते. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. म्हणजे गुप्त लिपी आयतीच हाताशी होती! एका नाताळात उपासनेहून घरी आल्यावर भाच्याच्या आणि भाचीच्या हातात मुळाक्षरांचा तक्ता ठेवला आणि एवढंच सांगितलं, की तुमची भेट घरातच आहे, पहिली चिठ्ठी करंज्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

दोघं सोप्यात जमिनीवर पालथी पडली. भाची एकेक अक्षर तक्त्यावर शोधायची, भाचा पेन्सिलीने खाली बाळबोधीत उतरवायचा. वाक्य उतरलं: दोनदारांच्याआड. "दोनदा," भाचा म्हणाला. "दोनदा... रांच्या आड. रांगेच्या आड असणार!" आणि कॅरल म्हणायला येणाऱ्या मंडळींसाठी मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगेमागे धावला. एकेक खुर्ची उलटी करून झाली. भाची जागची हलली नव्हती. ओळीवरून बोट फिरवत ती पुटपुटत होती, आणि एकदम ओरडली, "दोन! दारांच्या! आड! अरे, माजघराचं दार आणि परड्याचं दार, मधला बोळ!" पुढचा तासभर घरात दुसरं काही चाललंच नाही. जेवायला बसलेले काकासुद्धा उष्ट्या हाताने उठून सल्ले द्यायला आले. शेवटची चिठ्ठी परड्यातल्या बंबाकडे घेऊन गेली. वर्षानुवर्षं न पेटलेल्या त्या तांब्याच्या बंबात, जुन्या शालीत गुंडाळलेली दुर्बीण होती. दोन डोळ्यांनी बघायची, चांगली दणकट, दोघांत मिळून एक.

"नाद खुळा!" भाचा म्हणाला.

पुढच्या शनिवारी आम्ही पन्हाळ्यावर ओळखीच्यांच्या घरी मुक्कामाला गेलो. शहरापासून वीसेक किलोमीटर, पण आकाशात केवढा फरक. डिसेंबरच्या रात्री पूर्वेकडून कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध असा ताफाच वर येतो, आणि दक्षिणेला खालच्या अंगाला अगस्ती. नुसत्या डोळ्यांना कृत्तिकेत सहा-सात तारे दिसतात. तटाच्या दगडावर कोपरं टेकवून, श्वास रोखून भाचीने दुर्बीण लावली आणि बराच वेळ बोललीच नाही. मग जरा रागानेच म्हणाली, "एवढे सगळे तिथे होते, मग आधी का नाही सांगितलंस?" मृगाच्या तलवारीत तिला धुरकट डाग दिसला. तिथे नवे तारे जन्माला येतात म्हटल्यावर तिने तो पुन्हा पुन्हा पाहिला.

गुरू रात्री वर असायचा त्या दिवसांत तिने गच्चीच्या कठड्यावर दोन विटा रचून दुर्बीण स्थिर ठेवण्याची युक्ती काढली. वहीत रोज एक छोटं वर्तुळ आणि त्याच्या आजूबाजूला ठिपके. आज दोन इकडे, दोन तिकडे; उद्या तीन एका बाजूला आणि एक बेपत्ता. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओ गुरूच्या याच चंद्रांच्या जागा टिपून ठेवत होता, हे मी तिला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो अभ्यास झाला असता.

दुसऱ्या एका नाताळात भाच्याला मी एक मेलेला कॅमेरा आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच दिला. रिळाचा जुना कॅमेरा, बंद पडलेला. सोबत चिठ्ठी: सगळा उघडून बघायची परवानगी आहे, परत जोडला नाहीस तरी कुणी रागावणार नाही. घरातल्या मोठ्यांना ही भेट विचित्र वाटली. पण कोल्हापुरात तरी ती विचित्र वाटू नये. बाबुराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास इथेच चित्रपटाचा कॅमेरा घडवला, आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पोरं त्याला वळसा घालून रोज शाळेत जातात. भाच्याने जुनं धोतर पसरून एकेक स्क्रू काढला त्या क्रमाने मांडला. शटरच्या पात्या मिटता-उघडताना दिसल्या तेव्हा त्याने घरातल्या प्रत्येकाला हात धरून आणलं आणि दाखवलं. आजीलाही. त्या कॅमेऱ्याने पुढे एकही फोटो निघाला नाही.

सगळ्यांना हे लागू पडत नाही, हेही खरं. मंगळवार पेठेतल्या माझ्या मैत्रिणीच्या मुलाला आकाश नको, यंत्रं नकोत. त्याला फुटबॉल हवा. अशा पोराला शाहू स्टेडियमच्या सामन्याचं तिकीट द्यावं आणि दुसरं तिकीट आपल्यासाठी काढावं. त्याच्या तालमीच्या संघाच्या घोषणा त्याच्याकडून शिकून घ्याव्यात आणि पूर्ण वेळ त्याच्याच बाजूने ओरडावं. वाचणाऱ्या मुलीला पुस्तक देण्यापेक्षा वाचनालयाची वर्गणी तिच्या नावाने भरावी. 1850 पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे. आपलं पुस्तक आपण निवडून, आपल्या सहीने घरी आणण्यात जो तोरा असतो, तो बांधून दिलेल्या पुस्तकात नाही.

यंदा भाचा पंधरा वर्षांचा झाला. लेथ मशीन कसं चालतं ते बघायचंय, असं दिवाळीपासून त्याचं चाललं आहे. त्याच्या मामाच्या ओळखीचा एक कारखाना उद्यमनगरात आहे. नाताळच्या सुट्टीत एक दिवस तिथल्या मिस्त्रींनी त्याला शेजारी उभं करून घ्यायचं कबूल केलंय. सैल बाह्यांचा शर्ट चालणार नाही, डोळ्यांवर चष्मा पाहिजे, सांगितल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, या अटींवर. पितळेची एक कांडी मी आणून ठेवली आहे. तिचा भोवरा करायचा बेत आहे. फक्त भोवऱ्याला आर साधी लोखंडी बसवायची की पोलादाची, यावर मामा-भाच्यांचं अजून एकमत झालेलं नाही.