टाळेबंदीतील पाणी

मार्च महिना आंबेडकरी घरांत पाण्याचा महिना असतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या दिवसाचे स्मरण आमच्या घरी साध्या रीतीने होते. त्रिशरण-पंचशील ग्रहण करून झाले की घरातील सर्वांत लहान व्यक्ती सर्वांना एकाच तांब्यातून पाणी देते. २०२० सालीही आमच्या कन्येने ते दिले. तांब्या एकच असावा की प्रत्येकाचा पेला वेगळा असावा, असा प्रश्न घरात प्रथमच उपस्थित झाला आणि पेले वेगळे ठेवले गेले. टाळेबंदी जाहीर होण्यास अद्याप चार दिवस अवकाश होता.

ते वर्ष आम्हां इतिहासाच्या शिक्षकांसाठी मोठ्या उत्साहाचे होते. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ची शताब्दी झाली होती. राजर्षी शाहू महाराज व बाबासाहेब ज्या माणगाव परिषदेत एकत्र आले ती २१ व २२ मार्च १९२० ची. म्हणजे तिची शंभर वर्षे नेमकी जनता संचारबंदीच्या रविवारी पूर्ण झाली. शाळेत त्यासाठी मुलांनी सिद्ध केलेले भित्तिपत्रक वाचनालयाच्या कपाटात गुंडाळून ठेवावे लागले. खालच्या वर्गांतील मुले आधीच आपापल्या गावी गेली होती. दहावीची मुले मात्र शेवटच्या भूगोलाच्या पेपरासाठी वसतिगृहात राहिली होती. तो पेपर सोमवारी, २३ मार्चला होता. २१ तारखेला तो पुढे ढकलल्याची वार्ता आली आणि दोन दिवसांत पालक येऊन मुलांना घेऊन गेले.

एक मुलगा तेवढा उरला. त्याचे आईवडील बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार. त्या वेळी ते कोल्हापूरकडील एका कारखान्याच्या फडावर होते. गावी म्हातारे माणूसही नव्हते, घराला कुलूप होते. आम्ही त्याला घरी आणले. सोबत पत्र्याची पेटी आणि भूगोलाचे पुस्तक. आमच्या मातोश्रींनी त्याला आधी पाणी दिले, मग नाव विचारले; आडनाव विचारलेच नाही. ही त्यांची जुनी रीत आहे. २४ मार्चच्या रात्री देशाला टाळे लागले आणि पुढील काळासाठी आमचे कुटुंब चारांचे पाच झाले.

आमची वस्ती औरंगाबाद शहराच्या कडेला. (त्या वेळी शहराचे नाव तेच होते.) नळाला पाणी पाच-पाच दिवसांनी येई, तेही कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. दूरदर्शनवरून सांगितले जात होते की वीस सेकंद हात धुवा. कन्या विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. तिने मापाने हिशेब मांडला: एका वेळेस अर्धा लिटर, माणशी दिवसातून दहा वेळा, माणसे पाच. रोज पंचवीस लिटर, आणि पुढचे पाणी येईपर्यंत सव्वाशे लिटर. आमचे पिंप दोनशे लिटरचे. उरलेल्या पंच्याहत्तर लिटरमध्ये पाच माणसांनी पाच दिवस पिणे, स्वयंपाक, भांडी आणि स्नान कसे करावे, हे कोणी सांगत नव्हते. तिने तो हिशेब वहीच्या कागदावर लिहून पिंपावर चिकटवला. आम्ही आणखी दोन जुनी पिंपे भंगारातून काढून घासली. पाणी आल्याची चाहूल सर्वांत आधी लागे ती त्या मुलाला. फडावर राहिलेल्या मुलांची झोप सावध असते. तो उठून नळी लावी आणि मग आम्हांला हाक मारी, “सर, आलं.”

वसतिगृहात असतो तसा दिनचर्येचा फलक त्याच्याच सूचनेवरून भिंतीवर लागला. सकाळी वंदना, मग पाणी, मग अभ्यास, भांडी पाळीपाळीने. आमच्या सहचारिणी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. त्यांना घरोघरी सर्वेक्षणाचे काम लागले होते. त्या परतल्या की अंगणातच हातपाय धुऊन, स्नान करूनच आत येत, आणि तोवर त्यांच्याशी बोलायचे ते खिडकीतून.

येथे एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. त्या दिवसांत ‘सामाजिक अंतर’ हा शब्द शासनाच्या फलकांवर, वृत्तपत्रांत, दुकानांच्या दारांवर सर्वत्र झळकत होता. ज्यांनी तो योजला त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तथापि या देशात सामाजिक अंतर नावाची वस्तू काही नव्याने आलेली नव्हती. ती कोणी पाळली आणि कोणावर लादली गेली, हे आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. रोगजंतूपासून बचाव करायचा तर शरीरे दूर ठेवावी लागतात. समाज दूर ठेवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘शारीरिक अंतर’ हाच शब्द पसंत केला. आम्हीही पहिल्या आठवड्यातच दूरध्वनीवरून विद्यार्थ्यांना ‘शारीरिक अंतर’ असे म्हणण्यास सांगितले होते. एकाने विचारले, “सर, परीक्षेत कोणतं लिहायचं?” परीक्षेचा काहीच भरवसा नसताना विचारलेला तो प्रश्न ऐकून बरे वाटले.

शब्दाचे ओझे पुस्तकात कळते त्याहून वेगळे घरात कळते. मार्चच्या अखेरीस दूधवाल्याने निरोप दिला की उद्यापासून पातेले उंबऱ्याबाहेर ठेवून मागे सरा, मी वरून दूध ओतीन, पैसे पायरीवर ठेवा. आम्ही तशी तयारी केली. मातोश्री तेव्हा ऐंशीच्या होत्या. त्यांनी पातेले हातातून सोडले नाही. “वरून वतायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्या भांडं खाली ठेवणार न्हाई. दूध नको मला.” आम्ही विषाणूचे सर्व शास्त्र सांगून पाहिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पातेले फडताळात उपडे घातले. दोन दिवस घरात काळा चहा झाला.

तिसऱ्या पहाटे त्या मुलाने त्यांना हाताला धरून गच्चीवर नेले. कोणाला काही न सांगता, आपल्याच बुद्धीने. गल्लीत ओळीने पातेली मांडलेली होती. कोपऱ्यावरच्या दुमजली घरापुढे, किराणा दुकानदाराच्या दारात, निवृत्त तलाठ्याच्या पायरीवर. दूधवाला तोंडाला रुमाल बांधून प्रत्येक दाराशी वाकत होता आणि सारख्याच उंचीवरून माप रिकामे करीत होता. दार उघडणारा माणूस कोण आहे, हे पाहण्यासाठी तो थांबतही नव्हता. मातोश्री शेवटचे घर होईपर्यंत उभ्या राहिल्या. खाली येऊन एवढेच म्हणाल्या, “समद्यांलाच आहे तर असू दे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पातेले उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवले. मात्र आत यायच्या नाहीत. चार हात मागे सरून, पदर तोंडाला लावून, दूध ओतून होईपर्यंत त्या माणसाकडे सरळ पाहत उभ्या राहायच्या. त्याच्या घरची खुशाली विचारायच्या. पुढे तोही रोज दोन वाक्ये बोलल्याशिवाय पुढे जाईनासा झाला.

इतिहासाच्या अभ्यासकाला साथ नवीन नसते. ज्या साथरोग कायद्याचा आधार शासनाने २०२० मध्ये घेतला तो फेब्रुवारी १८९७ चा, प्लेगच्या काळातील. त्याच साथीत सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगनंतरच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्या ट्रस्टने परळला बांधलेल्या चाळीत बाबासाहेबांनी व रमाईंनी संसार केला. एका साथीने उभ्या केलेल्या खोल्यांत हा इतिहास घडला, हे आम्ही त्या मुलाला एका दुपारी भाजी निवडता निवडता सांगितले. तो म्हणाला, “मग ही साथ संपल्यावर आमच्याकडं पण खोल्या बांधतील का?” त्याचे आईवडील त्या वेळी उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत होते.

१४ एप्रिलला सकाळी दहा वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवली. त्या दिवशी मिरवणूक नव्हती, विहारात गर्दी नव्हती. गच्चीवर निळा ध्वज लावला, दारात दिवे लावले, आणि कन्येच्या आग्रहावरून अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घरातच केला. पहाटे पाच ते रात्री अकरा, पाळीपाळीने. मातोश्रींना अक्षरओळख नाही, त्यांची पाळी आली तेव्हा कन्येने सांगितले, “आजी, तू तासभर बोल.” आम्हांला वाटले त्या १९५६ च्या आठवणी सांगतील किंवा वामनदादा कर्डकांची गाणी म्हणतील. त्या १९७२ च्या दुष्काळावर बोलल्या. खडी फोडण्याचे काम, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी. कामावर पाण्याचा एकच टँकर येई. पहिले काही दिवस दोन रांगा लागल्या, एक गावाची आणि एक वस्तीची. वस्तीची रांग मागे. मग टँकर उशिरा येऊ लागला, पाणी अर्ध्यावर संपू लागले, आणि एके दुपारी सगळेच धावले. “त्या दिशी कोण कुणाच्या म्होरं हाय ते कुणाला दिसलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या दिशी एकच रांग व्हती. कुणी मोडली, कुणाला ठावं न्हाई.” कोणत्याही ग्रंथात आम्हांला न सापडलेला हा तपशील त्या मुलाने वहीत उतरवून घेतला.

एप्रिलच्या मध्यावर ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. त्याचे आईवडील पोहोचले, पण गावाने त्यांना शिवाराबाहेर थांबवले. ते शेतातच झाडाखाली राहिले. तो रोज संध्याकाळी दूरध्वनी करी आणि पहिला प्रश्न विचारी, “पाणी कुठून आणता?”

त्याच सुमारास मातोश्रींचे धाकटे बंधू जालना जिल्ह्यात वारले. कोरोनाने नव्हे, जुन्या दम्याने. जायला परवाना मिळाला नाही. अंत्यविधीस वीसच माणसे. जलदान विधी बौद्धाचार्यांनी तिकडे केला आणि दूरध्वनी मधोमध ठेवून आम्ही इकडे बसलो. गाथा तुटक ऐकू येत होत्या. मध्येच आवाज गेला. आम्ही पुन्हा जोडण्याच्या खटपटीत असताना मातोश्रींनी आपल्या आवाजात त्रिशरण सुरू केले आणि आवाज परत आला तरी थांबल्या नाहीत. मग त्यांनी एक पेला पाणी घेऊन तुळशीच्या नव्हे, त्या मुलाने डब्यात लावलेल्या मिरचीच्या रोपाला घातले.

७ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. घरी खीर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वार्ता आली: जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर आमच्या शहराच्या पूर्वेला करमाडजवळ मालगाडीखाली मरण पावले. थकून रुळांवरच झोपले होते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या पडद्यावर दिसत राहिल्या. कन्येने दूरदर्शन बंद केले. मुलगा पिंपापाशी जाऊन बसला. त्या दिवशी फलकावरचे एकही काम झाले नाही आणि कोणी कोणाला ते करायलाही सांगितले नाही. आम्ही तीस वर्षे विस्थापन शिकवले आहे. त्या दिवशी घरातल्या घरात एक वाक्यही नीट उच्चारता आले नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात परवाना घेतलेल्या भाजीच्या टेम्पोतून तो गावी गेला. निघताना मातोश्रींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो दचकून मागे सरला, कारण दोन महिने त्यानेच त्यांना अंतर राखायला शिकवले होते. मग पुन्हा पुढे आला.

भूगोलाचा पेपर शेवटपर्यंत झालाच नाही. इतर विषयांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. जुलैअखेर निकाल लागला तेव्हा त्याने आधी मातोश्रींना सांगितले. न दिलेल्या पेपराला गुण कसे पडतात, हे त्यांना पटवणे आम्हांला जमले नाही. “त्यानं अभ्यास तर केला व्हता,” असे म्हणून तो विषय त्यांनीच संपवला.

मातोश्री २०२२ साली गेल्या. त्यांच्या जलदान विधीला तीनशेच्या वर माणसे आली; त्यांत आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी होते. तो आदल्या रात्रीच आला होता. पहाटे नळ आल्याची चाहूल त्यालाच आधी लागली. त्याने उठून नळी लावली आणि तिन्ही पिंपे भरेपर्यंत कोणालाही उठवले नाही.