फुटलेला आवाज

तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा घरात बोलेनासा होतो. फोन वाजला तरी उचलत नाही. ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडून विचारतात, आई बोलतेय की बाबा? स्वरयंत्र वाढत असतं, स्वरतंतू लांब-जाड होत असतात; हे सगळं निवेपर्यंत आवाज जवळजवळ सप्तकभर खाली गेलेला असतो. तोवर तो कधी दगा देईल याचा नेम नाही.

आमच्या शाळेत यावर सोपा उपाय होता. समूहगीताच्या स्पर्धेआधी बाई कान देत रांगेतून फिरायच्या आणि घोगरा आवाज सापडला की म्हणायच्या, “तू नुसते ओठ हलव.” पुढच्या वर्षी ती मुलं कबड्डीच्या मैदानावर. व्हिएन्नातही निराळं नव्हतं. दरबारी चॅपेलमध्ये गाणाऱ्या संगीतकार शूबर्टचा आवाज १८१२ साली, पंधराव्या वर्षी फुटला आणि मुलांच्या वृंदातली त्याची जागा गेली. त्याच्या हाती निदान लेखणी तरी होती.

गावच्या विठ्ठल मंदिरात मात्र तिन्हीसांजेला हरिपाठाच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि पोरांना त्यात आवाज न तपासता जागा मिळते. टाळाची दोरी बोटाला गुंडाळलेली, पायात पावली, कान मृदंगाकडे. बुवा चरण सुरू करतात, रांगा तो उचलून धरतात. वरच्या सुरावर पोराचा आवाज चिरकतो. शेजारच्या आजोबांचा दणकट आवाज तो पोटात घालतो. कुणी वळून बघत नाही. पुढच्या चरणाला पोरगा आपसूक खाली उतरतो आणि तिथं त्याला स्वतःचा नवा आवाज सापडतो. दम सरला तर थांबावं, तेवढ्यात बाकीचे ओढून धरतात. हात घाईला आला, तर विणेकऱ्याची एक नजर पुरते. घरात ज्याच्याशी धड बोलणं होत नाही तो बाप समोरच्या रांगेत असतो. बोलायचं काहीच नसतं, फक्त पाऊल एकदम टाकायचं.

देवळातलं सगळंच शहाणपणाचं नसतं म्हणा. उंच पट्टीच्या हौसेपायी कोवळे गळे खरवडले जातात, तेही मी पाहिलंय.

म्हणून संगीताच्या सर-बाईंना एवढंच सांगणं: ढालीसाठी आठवी-नववीची पोरं गाळू नका. पट्टी उतरवा, चार-पाच स्वरांत मावेल अशी खालची ओळ त्यांना द्या आणि गाऊ द्या.