खोडण्याचा हक्क

लिहिणाऱ्यास एक मोठी सवलत असते. ती बोलणाऱ्यास नसते. लिहिलेलें वाक्य मनास आलें नाहीं, तर तें खोडून त्याच्या जागीं दुसरें लिहितां येतें, आणि मागची खाडाखोड वाचकाच्या दृष्टीस पडत नाहीं. बोलण्याचें तसें नाहीं. धनुष्यांतून सुटलेला बाण आणि तोंडांतून गेलेला शब्द परत येत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात तें उगीच नव्हे. ध्वनिमुद्रणाची कला निघाली, पुढें चुंबकीय फीत आली, आणि या म्हणीस पहिला अपवाद उत्पन्न झाला. रेडिओच्या स्टुडिओंतले जुने कारागीर फितीचीं रिळें हातानें मागेंपुढें फिरवीत, नको असलेला शब्द कोठें सुरू होतो तें कानानें हेरीत, तेथें खूण करीत, आणि दाढीच्या पात्यानें फीत तिरपी कापून दोन्ही टोकें चिकटपट्टीनें जोडीत. बोलणाऱ्यासहि असा खोडण्याचा हक्क मिळाला. आणि तो बजावण्याचें काम मुख्यतः कानाचें होतें.

संगणक आला आणि हें काम कानाकडून डोळ्यांकडे गेलें. आतां आवाजाचें चित्रच पडद्यावर उमटतें. मोठा आवाज म्हणजे डोंगर, लहान आवाज म्हणजे टेकडी, शांतता म्हणजे सपाट रेघ. माऊसनें हवा तो डोंगर धरावा आणि उडवून द्यावा! डोळसांची यांत मोठी सोय झाली. परंतु ज्या माणसाचा सगळा व्यवहार कानावर चालतो, त्याच्याच हाताला ही कात्री लागेनाशी झाली.

आमच्या महाविद्यालयांतील एका जन्मांध विद्यार्थ्याच्या सहवासांत या गोष्टीचा मीं प्रथम विचार केला. खोडणें ही क्रिया आपण डोळस माणसें किती सहज करतों! ब्रेलच्या पाटीवर टोच्यानें उजवीकडून डावीकडे टिंबें टोंचीत जावें लागतें. एखादें टिंब चुकलें, तर कागद काढून तें दाबून सपाट करावें लागतें, आणि तरीहि बोटाला त्याचा वण लागतोच. परीक्षेंत लेखनिक मिळतो. पण ‘तेवढें खोडा’ म्हटल्यावर त्यानें नेमकें किती खोडलें, हें विद्यार्थ्यानें विश्वासावर सोडायचें असतें. दुसऱ्याच्या हातानें लिहितां येतें. दुसऱ्याच्या हातानें खोडणें मात्र फार कठीण.

या मुलाजवळ त्याच्या आजीच्या आवाजाचें एक मुद्रण होतें. आजी वारली त्याच्या आदल्या वर्षीं त्यानें मोबाइलवर तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. त्यांत कुकरच्या शिट्ट्या होत्या, दारावरून जाणाऱ्या स्कूटरी होत्या. एका नातलगानें मोठ्या मायेनें तें सर्व ‘साफ’ करून दिलें. आणि त्या भरांत, प्रत्येक ओवीनंतर थांबून आजी हळूच ‘ऐकतोस ना रे?’ म्हणत असे, तेंहि कापून टाकलें. मुलगा मला म्हणाला, “सर, ओव्या सगळ्या राहिल्या, पण आजी गेली.”

सुदैवानें मूळ प्रत त्यानें जपून ठेविली होती. त्याच्या लॅपटॉपवर पडदा वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही प्रणाली आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं तिचा आरंभ केला, जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यास येऊन मिळाला, आणि आजहि ती विनामूल्य मिळते. तिचा आवाज या मुलानें इतका भरधाव ठेवला आहे कीं, मला त्यांतला एक शब्द कळेना. संपादनासाठीं तो ऑडॅसिटी वापरतो. कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९९९ सालीं सुरू झालेली ही प्रणालीहि फुकट मिळते, आणि माऊसला हात न लावतां केवळ कीबोर्डवरून तिच्यांत पुष्कळ काम करतां येतें.

एके दुपारीं त्यानें मला आपलें काम ऐकविलें. स्पेसबार दाबला कीं आवाज सुरू. पुन्हां दाबला कीं बंद. आवाज चालू असतांनाच, शिट्टी सुरू होतांक्षणीं त्यानें डावा चौकोनी कंस दाबला आणि ती संपतांच उजवा. एवढ्यानें शिट्टी दोन खुंट्यांमध्यें बांधली गेली. मग त्यानें ‘सी’ हें अक्षर दाबलें. त्याबरोबर मधला तुकडा वगळून मागचें व पुढचें सलग ऐकूं आलें. अजून कांहींच कापलें गेलें नव्हतें. कापल्यावर कसें लागेल याची ती रंगीत तालीम होती. सांधा कानाला खुपला, तेव्हां त्यानें एक कड किंचित् सरकविली, पुन्हां ‘सी’ दाबून ऐकलें, आणि मनासारखें झाल्यावरच डिलीट केलें. इतकेंहि करून पश्चात्ताप झालाच, तर कंट्रोल आणि झेड हीं दोन बटणें एकदम दाबावीं. गेलेलें परत येतें. जेथें शिट्टी नेमकी ओवीवरच आली होती, तेथें त्यानें ती तशीच राहूं दिली.

हें ऐकत असतां एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. पडद्यावरचें चित्र आवाज किती मोठा हें सांगतें; तो कशाचा हें सांगत नाहीं. मराठी बोलतांना वाक्याच्या शेवटीं ‘आहे’ मधला ‘हे’ पुष्कळदां इतका क्षीण होतो कीं, डोळ्याला तो सपाट रेघेंतच जमा वाटावा. श्वास, हुंदका आणि पंख्याची घरघर यांचीं चित्रें पाहून फरक सांगणें अवघड. कानाला तो उपजत कळतो. म्हणून कीबोर्डवरचें हें संपादन म्हणजे अपंगाला दिलेली कुबडी नव्हे. फितीच्या कारागिरांची जुनी विद्याच ती.

मात्र हा हक्क मोठा नाजूक आहे. एखाद्या प्रणालीचा कर्ता बटणावर सुरेख चित्र काढतो, पण त्यास नांव द्यावयास विसरतो; मग पडदा वाचणारा आवाज नुसतें ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो. माऊसशिवाय चालणार नाहीं असें एकच काम मध्यें आलें, तरी सारी वाट अडते. दार बंद करणाऱ्यास आपण दार बंद केलें याची जाणीवहि नसते.

मुद्रण पुरें झालें तेव्हां प्रत्येक ‘ऐकतोस ना रे?’ आपल्या जागीं होतें. एके ठिकाणीं मात्र बराच वेळ कांहींच ऐकूं येईना. हें कसें राहिलें, असें मीं विचारलें. “राहिलं नाही सर, ठेवलंय,” तो म्हणाला, “तिथं आजी ओवी आठवतेय.”

अंधांना वाचून दाखविणें हें पुण्यकर्म आहे, आणि तें करणारीं सज्जन माणसें आपल्या समाजांत पुष्कळ आहेत. परंतु आपल्या शब्दांतलें काय ठेवावें आणि काय टाकावें, हा निर्णय दानांत देतां येत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. त्यासाठीं साधनाच्या कर्त्यानें प्रत्येक बटणास एक नांव द्यावें आणि माऊसवांचून तेथवर जाण्यास एक वाट ठेवावी, एवढेंच मागणें आहे.